तुर्की अंजिरांची फळगळ

अक्काबाईंनी द्राक्षबाग मोडली ती बांधापलीकडच्या रोहिणीच्या शब्दावर. बाग जुनी होती, नवऱ्याच्या हातची होती, आणि नवरा गेल्यापासून फवारणीच्या ट्रॅक्टरसाठी कुणाकुणाच्या विनवण्या कराव्या लागत. त्यांचा मुलगा नवनाथ नाशकात नोकरीला. दर खेपेला तो म्हणे, रान कुणाला तरी वाट्याने दे आणि आमच्याकडे राहायला चल. अक्काबाई एकदा जाऊन राहूनही आल्या. परत आल्यावर बांधावर बसून त्यांनी रोहिणीला सांगितलं, की तिथं सकाळी दार उघडावं तर समोर दुसऱ्याचं बंद दार. तेव्हा रोहिणी म्हणाली होती, अक्का, अंजीर लावा. फवारणी कमी, पाणी कमी, एकट्या बाईला झेपेल. रोपं मी देते.

ती रोपं रोहिणीच्या स्वतःच्या झाडांपासून केलेली होती, आणि रोहिणीची झाडं तुर्कस्तानातून आलेल्या काड्यांची. तिचा धाकटा भाऊ राकेश कंपनीच्या कामासाठी तिकडे वर्षभर होता. येताना त्याने ओल्या कापडात गुंडाळून काड्या आणल्या. ताई, एवढालं अंजीर असतं, म्हणून त्याने मूठ वळून दाखवली होती. ओझरच्या पलीकडच्या त्या काळ्या रानात काड्या अशा काही फुटल्या, की येणारा-जाणारा रस्त्यावर गाडी थांबवून विचारायचा, हे काय लावलंय. सुपाएवढी पानं, गुळगुळीत राखाडी खोडं. सुरुवातीला चार-दोन फळं लागली ती गळाली, तर सगळेच म्हणाले, झाड लहान आहे, गळणारच. रोहिणीलाही ते पटलं. द्राक्षाचं सुद्धा तसंच असतं.

या वर्षी मात्र झाडं अंगोपांगी लगडली. पौषात फांदीफांदीला हिरवे मणी दिसायला लागले आणि रोहिणीचा नवरा सोमनाथ, जो विमानाच्या कारखान्यातून आला की सहसा रानाकडे फिरकत नसे, तोही संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन झाडांमधून हिंडायला लागला.

माघ लागला आणि गळ सुरू झाली.

आधी कडेच्या झाडाखाली दोन-तीन फळं दिसली. रोहिणीला वाटलं पोपटांनी पाडली असतील. पण फळाला चोच लागलेली नव्हती. अंगठ्याएवढं झालेलं फळ, वरून पिवळट, किंचित सुरकुतलेलं. फोडलं तर आत कोरडं, भुशासारखं. दुसऱ्या दिवशी आणखी चार झाडांखाली. मग रोजच. तिने ठिबक कमी केलं, तरी गळ. वाढवलं, तरी गळ. निंबोळी पेंड घातली. कृषी सेवा केंद्रवाल्याने बोरॉन दिलं, ते फवारलं. तो म्हणाला, ताई, चार दिवसांत थांबेल. चार दिवसांनी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती.

सोमनाथ म्हणाला, एखादं वर्ष जातं असं, जीवाला किती लावून घेशील. त्याचं बरोबर होतं. घर त्याच्या पगारावर चालत होतं, चूल काही अंजिरावर अवलंबून नव्हती. पण रोहिणीला जो घोर लागला होता तो स्वतःच्या झाडांसाठी नव्हताच. तो बांधाच्या पलीकडच्या झाडांसाठी होता. अक्काबाईंची झाडं तिच्या झाडांपेक्षा एका वर्षाने लहान. यंदा त्यांनाही बऱ्यापैकी फळ धरलं होतं. नवनाथने आईला मुदत दिली होती. यंदा अंजीर आलं तर राहा इथं, नाही आलं तर मी काही ऐकायचा नाही. अक्काबाईंनी ही गोष्ट तिला हसत सांगितली होती, आणि हसत सांगितली म्हणूनच ती रोहिणीला जास्त टोचत होती.

रोज सकाळी अक्काबाई बांध ओलांडून यायच्या. तुझं झाड थोरलं, म्हणायच्या, तुझ्या झाडाला बघून मला माझं कळतं. त्या यायच्या आधी रोहिणी बादली घेऊन झाडांखालून फिरायची, पडलेलं एकेक फळ वेचायची, आणि गोठ्यामागच्या उकिरड्यात ढकलून वर शेण टाकायची. असं का करतेय हे तिने स्वतःला नीट विचारलं नाही. दोन दिवसांत गळ थांबेल, मग सांगायला काही उरणारच नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती.

पण जमीन साफ केली तरी फांद्या कशा झाकणार? एका सकाळी अक्काबाई झाडाजवळ उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "फळ लय कमी दिसतंय गं."

"विरळणी केली," रोहिणी म्हणाली. शब्द कसे तोंडातून गेले ते तिलाही कळलं नाही. "गर्दी झाली व्हती. थोडी ठेवली म्हणजे फुगतील."

अक्काबाईंनी मान हलवली. सारा जन्म द्राक्षाच्या घडातले मणी काढलेली बाई ती, विरळणी तिला कुणी शिकवायला नको होती. त्या पदर खोचून आपल्या रानाकडे गेल्या.

दिवसभर रोहिणीला काही सुचलं नाही. भाकरी करपली. दुपारी कारखान्याचं विमान चाचणीसाठी घरावरून गेलं, तर ती दचकली. ज्याचा आवाज जन्मभर ऐकला त्या विमानाला दचकली. तिला एकच भीती पडली होती, की अक्का आता तिच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने फळं तोडतील. जाऊन सांगावं का? काय सांगणार, की मी खोटं बोलले? उद्या सांगू, असं म्हणून तिने कपडे वाळत घातले.

दुसऱ्या दिवशी अक्काबाई आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी रोहिणीच बांधापर्यंत गेली आणि तिथून तिने पाहिलं. अक्काबाईंच्या झाडांवर फळ जवळजवळ उरलंच नव्हतं. खालची जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ. अक्काबाई दिसत नव्हत्या. रोहिणी तशीच उलट्या पावली फिरली, पिशवीत गळलेली फळं आणि दोन डहाळ्या भरल्या आणि ओझरच्या नाक्यावरून नाशिकची बस धरली.

कृषी विज्ञान केंद्रात फळबागेचं काम बघणारी तेजल नावाची मुलगी होती, वयाने तिशीच्या आत. तिने फळ चिरलं, भिंगाखाली धरलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, की झाड आणलं कुठून. रोहिणीने तुर्कस्तान सांगितल्यावर तिने सुरी खाली ठेवली. आधी तिने रागावून घेतलं. परदेशातून तपासणी न करता काड्या आणायच्या नसतात, सोबत काय रोग येईल सांगता येत नाही. मग म्हणाली, "ताई, तुमचं पाणी चुकलं नाही, खत चुकलं नाही. ही जातच अशी आहे. हिच्या फळात एका बारीक चिलटाने परागकण नेले तरच फळ पिकतं. ते चिलट नर अंजिराच्या झाडात राहतं, आणि ते झाड आपल्याकडे नाही."

"मग आता काय फवारायचं?"

"काही नाही. ही झाडं कितीही मोठी झाली तरी फळ असंच गळणार. दर वर्षी."

मग ती बराच वेळ बोलत होती. झाड उपटायची गरज नाही, मुळं चांगली आहेत. आता खोडं छाटायची, पावसाळ्यात जोमदार फुटवे येतील, त्यांच्यावर आपल्या पुणेरी अंजिराचं कलम करायचं. पुणेरी अंजिराला पिकायला चिलट लागत नाही. पण भरवशाचं फळ यायला दोन वर्षं तरी धरा. रोहिणीला सगळं ऐकू येत होतं, पण डोक्यात एकच शब्द फिरत होता. दोन वर्षं. अक्काबाईंकडे दोन वर्षं कुठे होती? रविवारी नवनाथ येणार होता.

बसमधून उतरली ती घरी न जाता तडक अक्काबाईंकडे गेली. त्या ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. रोहिणी उभ्यानेच बोलायला लागली. विरळणी केली नव्हती, फळं गळत होती, मी लपवली, तुम्ही माझं ऐकून तोडलीत, आणि आता केंद्रातल्या मॅडम म्हणतात एका चिलटाशिवाय ही जात पिकायचीच नाही, आणि ते चिलट इकडे नाही. एका दमात तिने सगळं सांगून टाकलं.

अक्काबाई मेथीच्या काड्या बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्या तोडली नाय."

"म्हंजे?"

"गळाली. तुझ्या आधीपासून गळत व्हती. मला वाटलं माझंच काय तरी चुकलं. तू एवढ्या मायेनं रोपं दिली, अन् म्या बुडवली. म्हून येचून शेळीला घालत व्हते. शेळी बी खाईना, मग हिरीमागं पुरली." त्यांनी एक काडी खुडली. "तू इरळणी म्हणली तवा तर मला रडूच आलं. म्हणलं, हिच्याकडं इतकं लागलंय की तोडायला लागतंय."

रोहिणी खाली बसली. तिला हसू येईल असं क्षणभर वाटलं, पण आलं नाही. अक्काबाईंच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. चिलटाचं त्यांनी पुन्हा नीट विचारून घेतलं. आपल्या उंबरात एवढे किडे असतात, त्यातले चालत नाहीत का, असंही विचारलं. नाही चालत, रोहिणी म्हणाली, प्रत्येकाचं चिलट वेगळं. तेव्हा त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"माझी बाग म्हातारी व्हती, पर उभी व्हती, रोहिणी. हे तू आधी इचारायचं व्हतं."

रोहिणी उठून घरी आली, आणि रविवारपर्यंत दोघींमध्ये बांध नव्हे, जणू भिंत उभी राहिली.

रविवारी नवनाथची गाडी वळताना दिसली तशी रोहिणीने हातातलं काम टाकलं. सोमनाथ म्हणाला, त्यांच्या घरात आपण कशाला पडायचं. ती म्हणाली, पडलेलीच आहे मी. अंगणात पोचली तेव्हा नवनाथ झाडं बघून आला होता आणि बोलत होता. तो वाईट मुलगा नव्हता. आवाज चढला होता तो काळजीने. थंडीत आई पाटात घसरून पडली होती आणि त्याला ते आठवड्याने कळलं होतं. रोहिणीला पाहून तो म्हणाला, "काकू, आई तुमचं ऐकते. म्हणून तरी जपून सांगत जा."

रोहिणीने मान्य केलं. चूक माझी, म्हणाली, आणि तेजलने सांगितलेलं जसंच्या तसं त्याच्यापुढे ठेवलं. दोन वर्षं लागतील हेही लपवलं नाही. पुढे काही मागायचं तिचं धाडस झालं नाही. नवनाथ आईकडे वळला. आता तरी चल, म्हणाला.

अक्काबाईंनी शांतपणे विचारलं, "कलम केल्यावर झाडाला टाकून जाता येतं का रे? तुझ्या बापानं कलमं बांधली तवा तू किती व्हता, आठवतं का? दोन महिने माणूस रानातून हलला नव्हता." मग म्हणाल्या, "मी पडले तर रोहिणीला कळंल. माझ्यापायी तिला आता झोप येणार नाय, ते मला दिसतंय. दोन वर्षांनी बी गळालं, तर मीच पिशवी भरून येते."

नवनाथने गाडी काढली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पण पुढच्या रविवारी तो करवत घेऊन आला.

खोडं छाटलेलं ते रान पाहवत नव्हतं. रोहिणी सकाळ-संध्याकाळ अक्काबाईंकडे जाऊ लागली, कधी निमित्ताने, कधी उगीच. बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं, म्हणजे अगदी पूर्वीसारखं नाही. आता अक्काबाई तिचा प्रत्येक सल्ला ऐकून झाल्यावर विचारायच्या, हे मॅडमला इचारलं का. पावसाळ्यात फुटवे आले. श्रावणात द्राक्षाची कलमं भरायला पेठ तालुक्याकडची माणसं येतात, त्यांच्याकडूनच दोघींनी अंजिराची कलमं बांधून घेतली. काही जगली, काही काळी पडली. काळ्या पडलेल्यांवर पुन्हा बांधली. पहिल्या वर्षी धरलेली फळं तेजलने काढून टाकायला लावली, आणि रोहिणीने ती स्वतःच्या हाताने तोडली.

त्याच्या पुढच्या माघात फळ धरलं. रोहिणी फांदीकडे बघायचीच नाही, आधी जमिनीकडे बघायची. फळं अंगठ्याएवढी झाली, तिथून पुढे गेली. फाल्गुनात त्यांच्यावर जांभळट छटा चढली. एखादं-दुसरं पडायचंच, ते दिसलं की ती तिथल्या तिथे फोडून बघायची, आणि आत लाल, ओलसर गर दिसला की मगच पुढच्या झाडाकडे जायची.

अक्काबाईंनी पहिली पिकलेली अंजिरं पळसाच्या पानात बांधली आणि नातीसाठी म्हणून बसने नाशकाला गेल्या. एकट्याच गेल्या, कुणाचं ऐकलं नाही. रोहिणीने दुपारी फोन केला, तो उचलला नाही. पुन्हा केला, बंद. नवनाथने ठेवून घेतलं असेल का, आता फळ आलं म्हणून खूश होऊन म्हणाला असेल का की राहा इथेच, असलं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं. ऊन उतरल्यावर ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. दोन बस गेल्या. तिसरीतून अक्काबाई उतरल्या, हातात रिकामी पिशवी.

"फोनची बॅटरी गेली," त्या म्हणाल्या. "वेदिकाला नाय आवडलं. दातात बिया येत्यात म्हणे. नवनाथनं खाल्ली सगळी."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार. आणखी कधी आणशील, म्हणला." आणि त्या पुढे चालायला लागल्या, कारण शेळी सकाळपासून दाव्याला होती.