शहाण्णव खुर्च्यांची पंगत

जिनेंद्रला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं तेव्हा घरात ताईचं, प्रियदर्शनीचं, लग्न निघालं होतं. त्याच्या वडिलांनी, जयपाल आण्णांनी, दोन्ही विषय एकत्र केले. आण्णांचं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान. हो किंवा नाही म्हणण्याआधी ते कुठलीही गोष्ट काट्यावर घालून बघत.

"पंगती तू बसव," ते म्हणाले. "कुणी रुसलं न्हाई तर जा पुण्याला. न्हाईतर दुकान हायच की."

आजवर पंगतींची यादी आण्णा हातानं करत. रोज दोन नावं वाढायची, एक गळायचं, आणि सगळं परत लिहायचं. पण हे दोन हजार आठ साल, आणि जिनेंद्र नवा कोरा इंजिनिअर. त्यानं नावं पायथन या संगणकाच्या भाषेत भरली. मानाप्रमाणे ओळ लावली: आधी कुरुंदवाडचे व्याही, सगळ्यात शेवटी घरची माणसं. पायथनला जोडून वापरायच्या नम्पाय नावाच्या साधनात अशा ओळीला ॲरे म्हणतात, आणि एका आज्ञेत तिचे तुकडे पडतात.

त्यानं 'स्प्लिट' ही आज्ञा दिली आणि चार तुकडे मागितले. मशीननं साफ नकार दिला. नावं तीनशे शहाऐंशी, सारखी वाटणी होत नाही म्हणे. मग त्यानं 'ॲरे_स्प्लिट' वापरलं. हे जरा समजूतदार, हुज्जत घालत नाही. चार तुकडे पडले, कुपनं छापली.

"कशी वाटली रं?" आण्णांनी विचारलं.

"सारखी. दोन माणसं उरत्यात, त्यांची सोय मशीनच करतंय."

"कुठं करतंय?"

"आतल्या आत."

आतल्या आत होणाऱ्या सोयींचा आण्णांना व्यापारात बराच अनुभव होता. पण बस्त्याला निघायची घाई होती.

लग्नाच्या दिवशी अक्षता दुपारी उशिरा पडल्या. हॉलमध्ये एका वेळी शहाण्णव खुर्च्या. चौथी पंगत दिवस मावळायच्या आत उठायला हवी होती, कारण सूर्य बुडाला की आण्णा आणि घरातली थोरली मंडळी पाणीसुद्धा घेत नसत.

पहिली पंगत बसली. नवऱ्या मुलाच्या आत्याचे यजमान, आदगोंडा पाटील, कुपन धरून उभेच.

"काय पावणं, ह्यावर एक नंबरची पंगत लिवलीया. आमची खुर्ची कुठं हाय?"

जिनेंद्रनं यादी काढली. "मामा, बाकी उरली की पैल्या तुकड्यांत एकेक जास्त जातोय. तसा नियमच हाय."

"म्हंजे जास्तीचा कोण?"

"तसं बघितलं तर... तुमी."

शेजारच्या चार खुर्च्यांवरचं जेवण थांबलं.

"दुसऱ्या पंगतीत बसवतोस?"

"तिथंबी एक जास्त हाय."

"तिसऱ्या?"

"भरलीया. चौथीबी."

"मग बोलावलासा कशाला?"

वाढप्यांचा मुकादम पिराजी यानं एक खुर्ची आणून स्वयंपाकघराच्या दारात कोंबली. आदगोंडा पाटील तिथं बसले, आणि वाढपी हात धुवायच्या नळांवरून वळसा घालून यायला लागले. भात आला तेव्हा आमटी नव्हती. आमटी आली तेव्हा भात संपला होता. पाटलांच्या पाठीला प्रत्येक बादली लागून जात होती, आणि ते प्रत्येक बादली मनात लिहून ठेवत होते. दुसऱ्या पंगतीला त्याच खुर्चीवर कुरुंदवाडच्या एक म्हाताऱ्या काकू बसल्या. दोन्ही पंगती लांबल्या.

चौथी पंगत घरच्यांची. पानात मीठ पडलं, कोशिंबीर पडली. आण्णांनी खिडकीकडं बघितलं, पानाकडं बघितलं, हात जोडले आणि उठले. त्यांच्यामागून थोरली मंडळी उठली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आण्णांनी पहिला घास घेतला. जिनेंद्र समोर उभा होता. त्याची आई, विजयमाला, वाढत होती.

"उरलेली दोन माणसं कुठं घातलीस?"

"मशीननं पुढं घातली."

"आपण मागं घालतो. घरच्यात. एका ताटात दोघं बसत्यात, न्हाईतर एक जण तसाच निजतोय. पावण्याला कळतबी न्हाई."

जिनेंद्रनं मान खाली घातली. "दुकानात कधीपासून बसू?"

"दुकानात? गिऱ्हाईक उभं ठेवशील! जा तू पुण्याला."

"अवो, पर त्यो हरला न्हवं?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"तिथं खपून जाईल," आण्णांनी दुसरी भाकरी मोडली. "तिथं पावण्याला जेव कोण म्हणतंय?"