शून्य टक्के

पाहणीवाल्या बाईंचा पहिला नियम, शिक्षक वर्गाबाहेर. दार लावून घेत त्यांनी नववीच्या पोरांना नेहमीसारखं सांगितलं, "या नळीत फुंकायचं. सिगारेट ओढणारा यंत्राला बरोबर कळतो, म्हणून कागदावर खरं तेच लिहा. आकडा फक्त मी बघणार."

"आणि मुख्याध्यापक?"

"तेही नाहीत."

"मग त्यांचा दिवस कसा जायचा?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

मागचे बाक रिकामे होते. दांडगी पोरं मुख्याध्यापकांनी सकाळीच सामन्याच्या सरावाला पिटाळलेली. बाईंना कळायचं ते कळलं, पण रिकाम्या बाकांना फुंकायला लावता येत नाही.

आकडा वर गेला की यंत्र वाजतं, म्हणून त्याचा आवाज बंद ठेवायचा असतो. बाईंनी आजच नवे सेल घातले होते, आणि सेल बदलले की आवाज आपोआप सुरू होतो, हे त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं. लांब वेणीच्या मुलीनं फुंकलं आणि यंत्र टीं-टीं करत सुटलं. मुख्याध्यापक दाराबाहेरच उभे होते. ते आत आले.

"वा," ते म्हणाले. "मुलगी निघाली."

"मी ओढत नाही, सर. आई लोकांचे कपडे इस्त्रीला घेते. कोळशाची इस्त्री आहे. शाळेत यायच्या आधी मीच करते."

"खोलीला खिडकी?" बाईंनी विचारलं.

"नाही."

ऑफिसात बाईंनी समजावून सांगितलं, "कोळशाच्या आणि सिगारेटच्या धुरातला वायू एकच असतो. यंत्र वायू मोजतं, सिगारेट नाही."

"वर्गात तर वेगळंच सांगत होतात. मी ऐकलंय."

"पोरांनी खरं लिहावं म्हणून तसं सांगतात."

"म्हणजे खोटं बोललात. मग आत्ताचं खरं कशावरून धरू?"

तेवढ्यात मुलीची आई आली, हाताला चटके, पदराला खळीचा वास. सगळं उभ्याउभ्या ऐकून ती बाईंकडे वळली.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. सांगा ना त्यांना."

"सांगितलं."

"मग परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. दोन दिवस इस्त्रीपासून लांब ठेवून मुलीला पुन्हा तपासू, म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी संस्थेची बैठक होती आणि त्यांना तिथे काहीतरी करून दाखवायचं होतं. मुलीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडला.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "आमचा आकडा किती लागला?"

"कागदावर कुणीच हो म्हटलेलं नाही. आणि त्या मुलीला मी ओढणाऱ्यांत धरलेलं नाही."

"मग शून्य?"

"शून्य. म्हणजे तिला परत घ्यायला तुमची हरकत नसावी."

"माझी कसली हरकत? पण तुमचं यंत्र अख्ख्या वर्गानं ऐकलंय, बाई. पालकांना मी काय सांगू?" पलीकडे कुणाला तरी त्यांनी चहा आणायला सांगितलं. "ते शून्याचं पत्र मात्र सहीशिक्क्यानिशी पाठवा. दर्शनी भागात लावायचंय."