कॅप्टनच्या बायकोचं वादळ

कॅप्टन घरी आला की तिखटमीठ लावून वादळं सांगायचा. मुलं आ वासून ऐकायची आणि बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, एकदा मला दाखवा, मग मानेन. पण तिचं जाणं राहूनच गेलं. आधी मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं आजारपण. शेवटी निवृत्तीआधीच्या त्याच्या अगदी शेवटच्या फेरीला ती जहाजावर आली, तर समुद्राने नेमकं तेव्हाच शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. वादळं बहुतेक रजेवर गेलीत, असं ती रोज जेवताना त्याला चिडवायची.

बंदर उद्यावर आलं आणि भर दुपारी किनाऱ्याकडून धुळीची भिंत उठली. कॅप्टनने भराभर हुकूम सोडले. दारं बंद, हवेची झडपं बंद, केबिनच्या खिडक्यांवर लोखंडी झाकणं. खराब हवेत घरच्या माणसांनी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, पाऊल ठेवायचं नाही, हाही त्याचाच नियम. पूर्वी एका अधिकाऱ्याची बायको लाटा बघून किंचाळली होती, तेव्हापासून तो नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली होती.

भिंत अंगावर आली. सूर्य आधी तांबडा झाला, मग दिसेनासाच झाला. लाटांचा फेससुद्धा मातकट. धुळीच्या पोटात विजा चमकत होत्या आणि पाऊस आला तो चक्क चिखलाचा. जमिनीवरची इवलीशी पाखरं दमून डेकवर येऊन बसली. उभ्या जन्मात कॅप्टनने असलं काही पाहिलं नव्हतं. इथे तिखटमीठ लावायला जागाच नव्हती.

सेकंड ऑफिसरने हळूच विचारलं, मॅडमना वर बोलावू का, जहाज तर ठीक चाललंय. कॅप्टनचा हात फोनकडे गेलाही. पण म्हाताऱ्याने जाता जाता बायकोसाठी नियम मोडला, असं उद्या कुणी म्हटलं तर?

"नको," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

थोडं निवळलं की बोलावू, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. निवळलं तेव्हा बघायला काही उरलंच नव्हतं.

तो खाली केबिनमध्ये गेला. दिवा लावून ती खुर्चीत ताठ बसली होती. पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. चष्मा पडू नये म्हणून त्याला दोरी लावलेली. एक हात फोनवर. ती सगळा वेळ तयार होऊन बसली होती, हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला.

काहीतरी बोलायचं म्हणून तो सूर्याचं सांगू लागला, पाखरांचं सांगू लागला, आणि मध्येच अडखळला.

"सांगा ना," ती वाकून नाड्या सोडवत म्हणाली. "जन्मभर ऐकलंच आहे. फक्त या वेळी मी घरी नव्हते हो, तुमच्या खालच्याच मजल्यावर होते."