पाणीवाली सिस्टर

"शेवटपर्यंत बघा," असं म्हणत सिस्टरने आपला मोबाइल विरोधी पक्षाच्या प्रचारप्रमुखाच्या टेबलावर ठेवला.

त्याने चहा बाजूला सारला आणि खरंच शेवटपर्यंत पाहिलं. व्हिडिओत सिस्टर नव्या शिकाऊ नर्सना शिकवत होती. हातात लसीची बाटली, बोट लेबलावरच्या पांढऱ्या चौकोनावर. "गरमीत राहिली की हा चौकोन काळा पडतो. मग ही लस नाही, नुसतं पाणी. पोराला टोचली काय न् नाही टोचली काय. अशी बाटली सरळ फेकायची."

घराघरांत फिरत होतं ते मधलं तेवढंच: लस नाही, नुसतं पाणी. खाली लिहिलं होतं, सरकारी सिस्टर खरी लस विकते आणि तुमच्या लेकरांना पाणी टोचते. मत देताना आठवा. सगळी नोकरी लेकरांच्या मांड्या धरण्यात गेली आणि आठवडाभरात बाईचं नाव पडलं पाणीवाली. शहानिशा कोण करतो? फुकटचं चघळायला मिळालं की लोकांना तेवढं पुरतं. सिस्टरने मात्र तो काढणाऱ्या शिकाऊ मुलीचं घर गाठून मूळ व्हिडिओ मिळवला. घरात नातवाची दीड महिन्याची लस उद्यावर आली होती आणि ती आपल्याच हाताने द्यायची, हे तिने सून पोटुशी असल्यापासून बोलून ठेवलं होतं. खरं दाखवलं की माणूस ओशाळतो, अशी तिची समजूत होती. बाई भोळी होती, दुसरं काय.

"सिस्टर, मी हा पहिल्याच दिवशी पूर्ण पाहिलाय," प्रचारप्रमुख म्हणाला. "त्याशिवाय कापणार कुठून?"

"मग?"

"मग काय. परवा मतदान. झालं की काढून टाकू. तुमच्यावर आमचा राग नाही हो, दुसरी कुणी सापडली असती तर तिचा टाकला असता. चहा सांगू?"

घरी सुनेनेही पूर्ण पाहिला. तिचे डोळे भरून आले. "मला ठाऊकच होतं, आई. लोकांच्या जिभेला काही हाड?"

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. "मग उद्या सकाळीच आमच्या दवाखान्यात ये. मी नवी बाटली काढते."

सून बाळाचं दुपटं नीट करत राहिली. "आई, आम्ही त्या पलीकडच्या दवाखान्यात वेळ घेतलीय. तुमच्यावर विश्वास आहेच हो. पण मनात पाल चुकचुकते ना. तुम्हीही चला की."

सिस्टरने मुलाकडे पाहिलं. तो मोबाइलचा चार्जर शोधू लागला.

पलीकडच्या दवाखान्यातल्या पोरसवदा नर्सने तिला ओळखलं. "आत फक्त आईवडील," ती अगदी अदबीने म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सिस्टर बाहेरच्या बाकावर बसली. शेजारच्या बाईने तिच्याकडे एकदा पाहिलं, आपलं मूल उचललं आणि समोर जाऊन उभी राहिली. आतून बाळाचं रडणं आलं, एकदा उंच चढलं आणि लगेच उतरत गेलं.

"हात चांगला आहे पोरीचा," सिस्टर म्हणाली. ऐकायला बाकावर कुणी नव्हतं.