मले माहीत नाई

कौसल्याच्या धाकट्या लेकीचं, प्रियंकाचं लग्न झालं ते दोन हजार सहा साल. कळंबजवळच्या त्यांच्या गावी, विहारापुढच्या पटांगणात लग्न लागलं. नवरीचा भाऊ धम्मरत्न दिवसभर पंगतीत बुंदी वाढत होता. कोणी ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या वरून टाकायचा. त्याच सालात दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून सारी वस्ती नागपूरला जाऊन आली. धम्मरत्नही गेला, निळी टोपी घालून आला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी कपाशीवर फवारायचं औषध प्याला.

त्याला एकच लेक, पायल. तेव्हा चौथीत होती. सकाळी तिनंच बापाला ओसरीत पोट धरून बसलेला पाहिला. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काई होत नाई मले. तू शाळेत जाय." ती गेली. दुपारी तिला शाळेतून आणायला माणूस आला.

त्या वर्षांत आमच्या भागात असं मरण झालं की चौकशीला साहेब यायचा. साहेबाच्या काखेत फाईल असायची. तो ज्याला त्याला विचारायचा आणि मग सरकारी मदतीच्या कागदावर एक शब्द लिहून यायचा, पात्र किंवा अपात्र. शेजारच्या किसनरावांचा मुलगा आदल्या साली गेला होता. साहेबानं त्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन गोडीनं विचारलं, बाबा दारू प्यायचे का रे? पोरगं म्हणालं, पोळ्याले पेतात. झालं, अपात्र. तेव्हापासून गावात काखेत फाईल दिसली की पोरांची तोंडं बंद व्हायची. किसनराव स्वतः कौसल्याला सांगून गेले, "वहिनी, पोरीले तयार करून ठेवा. माह्या घरी झालं ते तुमच्या घरी नको."

कौसल्यानं पायलला तयार केलं. कापसाची वेचणी चालू होती. शाळा सुटली की पायल वावरात यायची. कमरेला कापसाची ओटी बांधलेली आजी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसायची, पऱ्हाटीची काडी फाईलसारखी काखेत धरायची आणि जाड आवाज काढून विचारायची, तुझा बाप कसा होता? पायल म्हणायची, मले माहीत नाई. तुझे आईबाप भांडायचे का? मले माहीत नाई. पहिल्या दोन दिवसांत पोरीला हसूच यायचं. आजी काडी घेऊन साहेब झाली म्हणून ती ओटी सांडेपर्यंत हसायची. हे हसणं साहेबापुढं आलं तर काय, या धास्तीनं तिसऱ्या दिवशी कौसल्यानं तिचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर ठेवला.

"फाईलवाल्यापुढं याच्याबाहेर एक शब्द जरी बोलली," ती म्हणाली, "तं तुही आजी मरते. घे शप्पत."

पायल हसायची थांबली. तिनं शपथ घेतली.

साहेब आला. पायलनं तीनदा म्हटलं, मले माहीत नाई. साहेबानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. महिन्याभरानं निरोप आला, पात्र. कौसल्यानं पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. तिच्या लेखी गोष्ट तिथं संपली होती.

फेब्रुवारीत शाळेपुढं एक जीप येऊन उभी राहिली. एका संस्थेची माणसं होती. ज्या घरांत असं मरण झालं त्या घरांतल्या पोरांच्या मनाची आणि बुद्धीची तपासणी करायची, कोणाला काय मदत लागते ते पाहायचं, असं गुरुजींनी घरोघरी सांगितलं. तपासणाऱ्या अर्पिता मॅडम तरुण होत्या, बोलायला मऊ. पण त्यांच्या काखेत फाईल होती. कौसल्यानं ती लांबूनच पाहिली. पायलला आत नेऊ लागले तेव्हा तिनं दारातून नातीची नजर धरली आणि आपला हात आपल्या गळ्याला लावला.

आत मॅडमनी विचारलं, गाईला पाय किती? मले माहीत नाई. बुधवारानंतर कोणता वार येतो? मले माहीत नाई. मॅडमनी रंगीत ठोकळे मांडले आणि चित्रासारखी नक्षी करायला सांगितली, तर पायलनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. ठोकळेसुद्धा बोलतील असं तिला वाटलं असावं. बाहेर कडुनिंबाखाली बसून कौसल्या खिडकीतून ऐकू येणारी नातीची उत्तरं मोजत होती. चाळीसपर्यंत मोजली. साहेबानं तीनच विचारले होते, या बाईनं चाळीस विचारले तरी पोरगी हलली नाही, म्हणून तिला मनातून अभिमान वाटत होता.

मार्चमध्ये शाळेत कागद आला. कौसल्याला वाचता येत नव्हतं, गुरुजींनी वाचून दाखवला. बुद्धीची वाढ वयाच्या मानानं बरीच कमी आहे, विशेष शाळेत दाखल करावे. तिनं पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

"गुरुजी, पोट्टी एकोणतीसचा पाढा म्हणते," ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, ते मला माहीत आहे, मीच शिकवला. पण खाली तीन सह्या आहेत. गावची शाळा चौथीपर्यंतच, पुढं कळंबची शाळा हा कागद पाहील.

कळंबच्या शाळेनं कागद पाहिला आणि परत दिला. जूनमध्ये पायल यवतमाळच्या एका निवासी विशेष शाळेत गेली. सुनेला, पायलच्या आईला वाटत होतं, पोरगी बापाच्या जाण्यानंच अशी झाली. कौसल्यानं तिला खरं सांगितलं नाही. सांगितलं ते एकट्या किसनरावांना. त्यांनी पुष्कळ विचार करून म्हटलं, "तुम्ही म्हणान का पोरीले शिकवून ठेवलं होतं, तं ते म्हणतीन साहेबापुढंही शिकवूनच बोलली. एक कागद सोडवायले जासान अन् दुसराही हातचा जाईन." कौसल्याला ते पटलं. तोंड उघडावं तर घर जातं, मिटून बसावं तर पोरगी जाते. तिनं वर्षभर तोंड मिटलं.

महिन्यातून एका रविवारी ती भेटायला जायची. डब्यात पाटोडी न्यायची. पायल तिथं मण्यांच्या माळा ओवायची, लाल, पिवळा, लाल, पिवळा. माळ भरली की बाई ती सोडवून मणी परत डब्यात टाकायच्या, म्हणजे उद्याला काम राहतं. पायल आजीशी बोलायची, अगदी पूर्वीसारखी. कोणती पोरगी झोपेत रडते, कोणाला अजून बटण लावता येत नाही आणि ते तीच कसं लावून देते, सारं सांगायची. पण फाटकातून कोणी वही घेऊन येताना दिसलं की तिचं बोलणं मधूनच तुटायचं.

दुसऱ्या सालच्या दिवाळीत सुट्टीसाठी पोरीला न्यायला कौसल्या गेली. दाराशी नवीन बाई हजेरीचं रजिस्टर काखेत घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, तुझं नाव काय गं?

पायल म्हणाली, "मले माहीत नाई."

कौसल्या घरी गेली नाही. पोरीला घेऊन विचारत विचारत अर्पिता मॅडमच्या संस्थेत गेली, पोरीला बाहेर बाकावर बसवलं, आत जाऊन जमिनीवरच बसली आणि पहिल्यापासून सारं सांगितलं. काडीची फाईल, गळ्यावरचा हात, कडुनिंबाखालची मोजणी. मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "आजी, चौकशीच्या फाईलशी माझा संबंध नाही. ती गोष्ट या खोलीतच राहील. माझंही चुकलं, मी पोरीला आधी खेळवायला हवं होतं. पण कागद बदलायचा तर तिला उत्तरं द्यावी लागतील. माझ्या किंवा तुमच्या सांगण्यानं तो बदलत नाही."

पायलला आत घेतलं. कौसल्यानं तिचा हात पुन्हा आपल्या गळ्यावर ठेवला.

"सुटली शप्पत. म्याच घातली होती, म्याच सोडली. बोल आता, काई होत नाई मले."

पायलनं हात काढून घेतला.

"बाबाही असेच म्हणे," ती म्हणाली. "काई होत नाई मले."

त्यानंतर मॅडमनी फाईल टेबलाखाली ठेवली, कपाटात ठेवली, स्वतः जमिनीवर बसून पाहिलं. पोरीनं ठोकळ्यांना बोट लावलं नाही. आजीकडे एकटक पाहत राहिली, जशी दिव्याला वारा लागू नये म्हणून कोणी हात धरून बसतं तशी. तेव्हा कौसल्याला कळलं की पोरगी तिला जगवून राहिली आहे, आणि तिच्या जगण्यानंच पोरगी आत अडकली आहे. मॅडमनी जानेवारीची वीस तारीख दिली. घाई करू नका, तोवर तिच्याशी रोज बोला, म्हणाल्या.

कौसल्या सुट्टीभर बोलली. विहारात नेऊन बुद्धमूर्तीपुढं शपथ सोडली. ती म्हणायची, मी धडधाकट आहे, पाहा, अर्ध्या दिवसात एवढा कापूस वेचते. पायल मान हलवायची आणि आजीच्या ताटातली भाकरी संपली का ते पाहायची. पोरीला परत शाळेत सोडून आल्यावर कौसल्याचा खोकला वाढला. तरी ती वेचणीला जात राहिली.

वीस तारखेला पायलला मॅडमकडे नेलं ते सुनेनं. तिला वाटत होतं की आता पोरगी पुरतीच मिटली असेल. मॅडमनी भीतभीतच विचारलं, बुधवारानंतर कोणता वार? पायल म्हणाली, गुरुवार. मॅडमनी ठोकळे पुढं केले. ते तिनं चित्र एकदा पाहून मांडले, दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एकोणतीसचा पाढा म्हटला. घरात कोण कोण असतं ते सांगितलं. मॅडमच्या काखेत त्या दिवशी फाईल होती, त्या घाईत ठेवायला विसरल्या होत्या, पण पोरीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, मग आधी का नाही गं बोललीस?

"मी तं काईच नाई बोलली, मॅडम," पायल म्हणाली. "तरी आजी मेलीच."

कागद बदलला. जूनमध्ये पायल कळंबच्या शाळेत पाचवीत बसली, वर्गात साऱ्यांहून दोन वर्षांनी मोठी.

धम्मरत्न दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात वारला. त्याची आई कौसल्या दोन हजार नऊच्या जानेवारीत, नऊ तारखेला, शुक्रवारी दुपारी, भरली ओटी कमरेला तशीच असताना धुऱ्यावर बसली आणि वारली.