तीसच्या खालचे बोट

सिंधूताईंच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी एक पिवळट, कडक जागा आहे. आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती किंचित वर आलेली आहे. तिच्यावरून नख फिरवले, तर जाड कागदावर फिरवल्यासारखा आवाज येतो. बत्तीस वर्षे मागावर तुटलेले धागे सांधून ती तयार झाली. मित्रांनो, त्या जागेशी माझी फार जवळची ओळख आहे. मी एका जुन्या लॅपटॉपचा टचपॅड आहे, आणि माझ्या आयुष्याचा मोठा भाग रागात गेला आहे.

माझ्या पृष्ठभागाखाली तांब्याच्या बारीक रेषांचे जाळे आहे. बोट जवळ आले की त्या रेषांवरचा विद्युतभार थोडा बदलतो. किती बदलला, ते मी आकड्यात सांगतो. माझे काम तिथे संपते. पुढे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम माझे आकडे वाचतो आणि पडद्यावरचा बाण कुठे न्यायचा ते ठरवतो. पण लोकांचा हात माझ्यावर असतो, म्हणून शिव्याही मलाच मिळतात.

पहिली पाच वर्षे मी एका कचेरीत काढली. तिथली बोटे मऊ होती. साठ, सत्तर, ऐंशी असे आकडे मी देत असे, आणि बाण लोण्यातून सरकावा तसा सरके. माझे कौतुक होई. मग लॅपटॉप जुना झाला, आणि तो दीक्षाने विकत घेतला. ती नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने त्यात एक मुक्त कार्यप्रणाली बसवली. या प्रणालीतल्या सगळ्या आज्ञा कोणालाही वाचता येतात, आणि त्यात चूक दिसली तर दुरुस्ती सुचवताही येते.

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माग आहे. दीक्षाची आई, सिंधूताई, त्यावर साड्यांचे काठ विणतात. नमुने त्यांच्या डोक्यात जन्मतात आणि चौकटीच्या कागदावर उतरतात. पण विणकर संस्थेने नियम केला, की नमुना संगणकावर भरलेला हवा, आणि जो भरेल त्याचे नाव त्यावर पडेल. संस्थेचे अध्यक्ष मधुकरराव. त्यांचा पुतण्या विक्रम दर सोमवारी येई, नवा नमुना तयार असला तर सिंधूताईंचा कागद घेऊन जाई, आणि त्यातल्या चौकटी संगणकात भरी. दोन वर्षांत अकरा काठ गेले. अकराही काठांवर विक्रमचे नाव आहे.

दीक्षा स्वतः भरून द्यायला तयार होती. पण मग नाव तिचे पडले असते. विक्रमला कागद देणे बंद कर, असे ती आईला सारखे सांगे. आई म्हणत, बघू. कारण त्यांच्या हाताखाली बाण हलतच नव्हता.

हलत नव्हता, यात माझा दोष नव्हता. सिंधूताईंचे बोट टेकले की जाड, कोरड्या कातडीमुळे भार कमी बदले, आणि मी चोवीस सांगत असे, कधी सव्वीस. ड्रायव्हरमध्ये लिहिले होते, की तीसच्या खाली आकडा आला तर ते बोट समजू नये. त्याला गोंगाट समजावे आणि टाकून द्यावे. मित्रांनो, जिवंत माणसाचे बोट मी दिवसभर सांगत राहायचे आणि कोणीतरी ते दिवसभर कचऱ्यात टाकायचे, हे मी सोसले आहे. माऊस लावा, असे सगळे सुचवत. माऊसला सपाट जागा लागते. मागावर बसणाऱ्या बाईजवळ सपाट जागा कुठे असते?

तरी त्या हटल्या नाहीत. बोट जोर देऊन दाबत, अडत अडत, आठ दिवसांत त्यांनी अर्धा काठ भरला. मग एका सोमवारी, विक्रम समोर उभा असताना, त्यांनी सवयीने बोट ओले केले. धागा सांधताना विणकर करतात, तसे. बाण लगेच पळाला. त्यांना हसू आले. पण पाण्याचा एक थेंब माझ्यावर राहिला, आणि तो मला दुसरे बोट वाटला. ती चूक माझी होती, मी ती नाकारत नाही. दोन बोटे टेकल्यावर उघडते ती भलतीच यादी उघडली, आणि पुढच्या स्पर्शाने भरलेला सगळा भाग पुसला गेला. दोन कळा दाबून तो परत आणता आला असता, आणि विक्रमला ते येत होते. त्याने पुसलेलेच जतन केले आणि झाकण मिटले.

“मावशी, तुमच्या बोटात करंटच नाही,” तो म्हणाला. “काहून त्रास करून राहिल्या? कागद द्या न मले.”

सिंधूताईंनी कागद दिला.

संध्याकाळी दीक्षाला हे कळले. ती आवाज चढवणारी मुलगी नाही. तिने ड्रायव्हर उघडून वाचायला घेतला. आधी तिने तीसच्या जागी वीस लिहिले. पण उन्हाळा होता, आणि कूलरच्या दमट हवेने बाण आपोआप भटकू लागला. मग तिने नवा नियम लिहिला. आकडा कमी असला तरी तो स्थिर असेल आणि एका दिशेने सरकत असेल, तर ते बोटच मानावे. बाण आईच्या हाताखाली हलला. तिने ही दुरुस्ती ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवली. आपल्याच यंत्रावर चालवून भागणार नव्हते. पुढच्या अद्ययावत आवृत्तीबरोबर जुना तीस परत आला असता.

उत्तर दोन ओळींचे होते. एकाच व्यक्तीची तक्रार दिसते. टचपॅड सदोष असावा, बदलून पाहा.

सदोष मी.

दीक्षाने रजा काढली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. उमरेडला हातमागवाल्यांकडे, कामठीत यंत्रमागांवर, कोराडीला कोळसा उतरवणाऱ्यांकडे ती मला घेऊन बसने फिरली. त्रेचाळीस माणसांची बोटे मी मोजली. त्यातल्या सतरा जणांची तीसच्या खाली निघाली. कोराडीच्या लहानूने विचारले, की आमची बोटे मोजून काय करता ताई. आम्ही आहोत हे त्यांना लेखी दाखवायचे आहे, असे तिने सांगितले. तो तक्ता तिने पाठवला. सात आठवडे वादावादी चालली. शेवटी नियम स्वीकारला गेला.

मित्रांनो, एखाद्याच्या हाताला एखादे यंत्र जुमानत नसेल, तर त्या हाताला हसू नका. यंत्रालाही फेकू नका. बोट कुठून सुरू होते ते कोणी ठरवले आणि कोणाची बोटे मोजून ठरवले, एवढे विचारा.

त्यानंतरच्या सोमवारी विक्रम आला, तेव्हा मी मागाच्या तुळईवर होतो. सिंधूताई कोरड्या बोटाने चौकटी भरत होत्या. बाराव्या काठाची शेवटची ओळ चालू होती.

“करंट आला वाट्टे मावशी,” तो हसत म्हणाला. “द्या कागद, जाऊन राहिलो मी.”

त्यांनी ओळ पुरी केली. जतन केली. मग मान वर केली.

“तुह्या काकाले सांगजो गा,” सिंधूताई म्हणाल्या. “आता कागद भेटणार नाही. नमुना मीच भरीन, अन् त्याच्यावर नाव माहंच राहीन.”