एकोणचाळीस चुकीचे पत्ते

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत मीच सांगून टाकते. बावीस वर्षं शाळेत गणित शिकवतेय. मागच्या बाकावर कुणाची मान वळली, हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. मुलं माझ्यामागे मला 'दुर्बीण' म्हणतात आणि मला ते ठाऊक नाही अशा भ्रमात राहतात.

दादा गेला तेव्हा मला संशय आला तो वहिनीचा.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. दुपारी जेवून उठला, छातीत कळ आली आणि मोरीच्या दारातच खाली बसला. वहिनीनं घरातल्या फोनवरून तातडीच्या मदतीचा नंबर लावला. अ‍ॅम्ब्युलन्स यायला एकोणतीस मिनिटं लागली. तोवर सगळं संपलं होतं. शहराचा नियम आठ मिनिटांचा आहे. आम्ही तक्रार केली, तर पंधरा दिवसांनी महापालिकेचं उत्तर आलं की गाडी साडेसहा मिनिटांत पोहोचली होती. त्याआधी याच घरून तीन कॉल आले, तिन्ही वेळा पत्ता चुकीचा सांगितला गेला, म्हणून ते बंद करावे लागले.

वहिनीचं म्हणणं एकच. तिनं फोन एकदाच केला, पलीकडच्या बाईनं पत्ता दोनदा वदवून घेतला आणि गाडी निघाली म्हणून सांगितलं.

आता खरं कुणाचं? घरचा फोन जुना, त्यात केलेल्या कॉलची नोंद राहत नाही. तो नंबर फुकट, त्यामुळे बिलातही दिसत नाही. रेकॉर्डिंग मागितलं तर कळलं की ते तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि आमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत नेमका एकतिसाव्या दिवशी पोहोचला होता. यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मला तेव्हाही वाटलं. पण न पाहिलेल्या साहेबापेक्षा समोरच्या माणसावर संशय घेणं सोपं असतं.

शिवाय कारण होतं. सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी घर बदललं होतं आणि वहिनी अजून कुरियरवाल्याला जुनाच पत्ता सांगायची. दादा तिला चिडवायचा, "तू अजून तिकडेच राहतेस ना? मग इथे माझ्याबरोबर कोण राहतंय?" तेव्हा आम्ही हसायचो. तो गेल्यावर मला तेच आठवत राहिलं.

मी तिला आधी गोडीनं विचारलं, मग वर्गात विचारते तसं. नीट आठव. घाबरली होतीस, जुना पत्ता तोंडून गेला असेल. एकदा ठेवलास, पुन्हा लावलास, पुन्हा तेच. आठवडाभर रोज तोच पाढा. पहिल्या दिवशी ती नाही म्हणाली. चौथ्या दिवशी म्हणाली, मला आता नीट आठवत नाही, वन्सं. सातव्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

त्याच सुमारास पालिकेचा कारकून छापील फॉर्म घेऊन आला. गडबडीत पत्ता चुकीचा सांगितला गेला, विभागाविरुद्ध तक्रार नाही, खाली सही. कॉपी पकडली की मी मुलांकडून लेखी घेते. माझ्या पर्समधलं पेन काढून मीच वहिनीच्या हातात दिलं. तिनं वाचलंसुद्धा नाही.

त्यानंतर तिनं नवा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि फोनशेजारी भिंतीवर चिकटवला. येता-जाता पुटपुटत वाचायची. आता कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे तक्रारी इतक्या वाढल्या की पालिकेला जाहीर सुनावणी ठेवावी लागली. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्यांना आधी कागद मिळाले. त्यात दादा गेला त्या दिवशीची कॉलची नोंदवही होती. रविवारी लाल पेन घेऊन मी ती तपासायला बसले, सवयच ती.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट कळते. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. चाळीस पोरांची चूकही सारखीच आली, तर ती एकाच्याच वहीतून उतरलेली असते. त्या दिवशी एकशे बारा कॉल होते आणि एकोणचाळीस ओळींवर शेरा होता, 'पत्ता चुकीचा'. ते सगळे कॉल बंद झाले होते बरोबर साडेसात मिनिटांनी. दादाच्या तीन ओळीही त्यातच होत्या. तीन वेळा साडेसात आणि वर साडेसहा, बेरीज एकोणतीस. एका ओळीपाशी तर मी चष्मा काढून पुसला. हे कॉल घेणाऱ्या नियंत्रण कक्षाचाच शिपाई जिन्यावरून पडला होता. फोन त्यांच्याच आतल्या खोलीतून गेलेला, आणि शेरा तोच. स्वतःच्या ऑफिसचा पत्ता त्यांना सांगता आला नव्हता!

सुनावणीला वहिनीला मी जवळजवळ ओढतच नेलं. समोर अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई बसल्या होत्या, बाजूला नियंत्रण कक्षाचे प्रमुख. मी ती शिपायाची ओळ वाचून दाखवली. सभागृहात हशा पिकला. प्रमुख हसले नाहीत. ते म्हणाले की तांत्रिक बाब आहे, तपासावी लागेल.

तेव्हा मागे बसलेली, फोन घेणारी एक बाई उभी राहिली. चहा कसा करायचा हे सांगावं इतक्या साधेपणानं तिनं सांगितलं, "आठ मिनिटं झाली की स्क्रीनवर ओळ लाल होते. लाल ओळीचा जाब साहेब विचारतात. म्हणून साडेसातला आम्ही कॉल बंद करतो आणि तोच नवा म्हणून उघडतो. बंद करायला कारण लागतं. यादीत सगळ्यात वर 'पत्ता चुकीचा' आहे, तेच दाबतो. गाडी रिकामी नसली की काय करणार?"

हे कुणी सुरू केलं, असं अध्यक्षांनी विचारलं. प्रमुख म्हणाले, कामाच्या ओघात पडलेली पद्धत आहे, नेमकं कुणी ते सांगता येणार नाही. मग त्यांनी फाइल उघडली. इतर प्रकरणांचं काहीही असो, या प्रकरणात फोन करणाऱ्या व्यक्तीनंच चूक मान्य केली आहे. त्यांनी तो फॉर्म वर धरला.



सही तुमचीच का, असं अध्यक्षांनी वहिनीला विचारलं. ती हो म्हणाली. मग का केलीत? माझ्याकडे वहिनीनं एकदाही पाहिलं नाही. हळूच म्हणाली, "माझीच चूक झाली असेल."

मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. प्रमुखांनी फाइल मिटली असती, वहिनीनं जन्मभर भिंतीवरचा तो कागद वाचला असता.

"ती सही मी करायला लावली," मी म्हणाले. "तिनं फोन एकदाच केला होता. ती सांगत होती, मी ऐकलं नाही. आठवडाभर तिला छळलं. पेनही माझंच होतं."

अध्यक्षांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. फॉर्म बाजूला ठेवला, चार ओळींची एक ओळ करून वेळ एकोणतीस मिनिटं लावली. प्रमुखांबद्दल पुढच्या बैठकीत बघू म्हणाल्या. म्हणजे दिवसभरात त्या सभागृहात स्वतःची चूक नाव सांगून कबूल करणारी मी एकटीच निघाले.

बाहेर पायऱ्यांवर मी वहिनीचा हात धरला आणि मला माफ कर म्हणाले. तिनं हात सोडवून घेतला नाही. रागावलेलीही दिसली नाही.

"पालिकेनं लिहिलं होतं ना, ते मी कधीच मानलं नसतं, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून मानलं."